आधी डिझेल बघतो, मग पंप खोलतो: आमची वाटचाल

पिंपळगाव बसवंतला मुंबई-आग्रा महामार्गालगत आमचं डिझेल पंप आणि नोझल, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा पंप आणि ते आत फवारणारं तोंड, दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. कांदा, टोमॅटो, द्राक्षं, कुठलाही हंगाम असो, दारात पिकअप उभ्या असतात. गाडी एक दिवस बसली की मालकाचा हप्ता आणि शेतकऱ्याचा माल दोन्ही अडतात. हे रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे काम उरकायची सवय आम्हाला कधी लागली नाही.

मी नाशिकला एका उस्तादांकडे शिकलो. सातपूरला डिझेल पंपाचे भाग बनवणारा मायकोचा (आताच्या बॉशचा) कारखाना, त्यामुळे नोझल, एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह हे पार्टचे शब्द तिथल्या गॅरेजमधल्या पोरांनाही पाठ. सुरुवातीला पंपाला हात लावायची परवानगी नव्हती. पार्ट धुवायचे आणि टेस्टरवर नोझल मारून फवारा बघायचा, एवढंच काम. चांगल्या नोझलचा फवारा धुक्यासारखा सुटतो आणि बरोबर बारीक करकर आवाज येतो. खराब नोझल टोकाला थेंब धरतं. आजही आमच्याकडे नवा मुलगा आला की त्याला आधी टेस्टरवरच उभा करतो.

पुढे गावी येऊन भाड्याचा गाळा घेतला. एक टेस्टर आणि एक शिकंजा एवढंच भांडवल होतं. मग पतसंस्थेचं कर्ज काढून पंप कॅलिब्रेशनचं जुनं मशीन आणलं. गाड्यांच्या नोंदी पहिल्या दिवसापासून माझी बायको ठेवते. कुठली गाडी, काय तक्रार, काय निघालं, सगळं तिच्या वहीत असतं. त्या वहीने आम्हाला किती वेळा वाचवलं याची मोजदाद नाही.

खरी परीक्षा कॉमन रेलने घेतली, म्हणजे पंपाने एकाच सामायिक नळीत (रेलमध्ये) दाब धरायचा आणि तिथून सगळ्या इंजेक्टरना, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या नोझलना, डिझेल द्यायचं, या नव्या पद्धतीने. जुन्या पंपात प्रत्येक नोझलला स्वतंत्र दाबाने डिझेल जायचं. इंजिन चालू ठेवून एकेक पाइपाचा नट ढिला करायचा आणि कुठला सिलिंडर मार खातोय ते आवाजावरून ओळखायचं, ही आमची रीत. कॉमन रेलमध्ये तसं करणं म्हणजे जीवाशी खेळ. गाडी नुसती आयडलिंगला असली तरी रेलमध्ये अडीचशे-तीनशे बारच्या आसपास दाब असतो, लोड आला की बऱ्याच इंजिनांत तो 1600 बारपर्यंत चढतो. इतक्या दाबाची धार कातडीतून आत शिरते. आमच्या मुलांना मी ही एकच गोष्ट रागावून सांगतो: इंजिन बंद, दाब उतरलेला, मगच पाना.

2017 मध्ये गाड्यांच्या धुराचा बीएस-4 हा नियम देशभर लागू झाला, 2020 मध्ये बीएस-6 आला, आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरशिवाय काम करणं अशक्य झालं. पण स्कॅनरने आमची एक चूकही घडवली. एका पिकअपमध्ये पी0087 हा कोड आला, म्हणजे रेलमध्ये दाब कमी. आम्ही पंप बदलला, गाडी पळाली, मालक खूश. थोड्याच दिवसांत तीच गाडी टोचन लावून परत आली. खोललं तर पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणाऱ्या मीटरिंग व्हॉल्व्हच्या जाळीवर चांदीसारखी चमकी. जुन्या पंपाचा चुरा टाकीत, पाइपात, रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये तसाच होता आणि त्याने नवा पंपही खाल्ला. टाकी न धुता पंप बसवला ही चूक आमची होती. दुसरा पंप आमच्या खर्चाने टाकला. ते वर्ष फार ओढाताणीचं गेलं.

तेव्हापासून कामाचा क्रम ठरला. कोड काहीही सांगो, पंप सर्वात शेवटी.

उदाहरण देतो. उमराण्याकडून कांदा भरून आलेली पिकअप राहुड घाटात दम तोडत होती, सपाटीला ठीक. पंप गेला, असं मालकाला आधीच कुणीतरी सांगितलेलं आणि चाळीस हजारांचा अंदाजही दिलेला. आम्ही फिल्टरखालचं पाणी बाटलीत काढलं. पाणी थोडंच निघालं, तेवढ्याने गाडी मरत नाही. मग फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी जोडून रेस दिली. नळीतून बुडबुड्यांची माळ सुटली. टाकीकडून येणारा रबरी पाइप क्लॅम्पजवळ चिरलेला होता. या गाडीत पंप स्वतःच टाकीतून डिझेल ओढतो. ओढणाऱ्या बाजूला चीर पडली की डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. जमिनीवर थेंब दिसत नाही, म्हणून संशयही येत नाही. आयडलिंगला पुरेल एवढं डिझेल मिळतं, चढाला पुरत नाही. वीतभर पाइप आणि दोन क्लॅम्प बदलले. मालक बराच वेळ नळीकडेच बघत उभा होता.

बुडबुडे नसतील तर इंजेक्टरचा रिटर्न, म्हणजे तो टाकीकडे परत सोडत असलेलं डिझेल, बघतो. चारही इंजेक्टरला सलाईनच्या नळ्या लावून खाली चार सारख्या बाटल्या ठेवायच्या. एखादी बाटली इतरांच्या आधी भरली, तर पंप बिचारा दाब तयार करतोय आणि तो इंजेक्टर सगळं डिझेल परत सोडतोय. अशा कितीतरी गाड्यांचे चांगले पंप फुकट उतरवले जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पंप खरोखरच गेलेला असेल, तर तो पाणी आणि कचऱ्याने गेलेला असतो, हा आमचा अनुभव. त्याला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची, तिथे पाणी शिरलं की धातूवर धातू घासतो. शेतावरच्या उघड्या कॅनमधलं डिझेल टाकीत ओतणाऱ्यांना आम्ही त्यांचाच फिल्टर कापून दाखवतो.

आज आम्ही सहा जण आहोत, कॉमन रेल इंजेक्टरचं टेस्ट बेंचही आलं आहे. गाडी दाखवायला आणाल तेव्हा टाकी धुऊन किंवा फिल्टर बदलून आणू नका. आहे तेच डिझेल राहू द्या, आम्हाला आधी तेच बघायचं असतं.