केबलवाला बदलायचाय? आधी तळघराची किल्ली आणा

२००८ पर्यंत न्यूयॉर्कच्या बहुतेक वस्त्यांमध्ये केबल कंपनी निवडण्याचा प्रश्नच येत नसे. क्वीन्स किंवा मॅनहॅटनमध्ये घर असेल तर टाइम वॉर्नर, ब्रॉंक्समध्ये असेल तर केबलव्हिजन, आणि ब्रुकलिनमध्ये दोघांनी अर्धा-अर्धा भाग वाटून घेतलेला. आरसीएन नावाची आणखी एक कंपनी होती, पण ती ठरावीक इमारतींपुरती. हे पुण्या-मुंबईच्या मित्रांना सांगितलं की ते हसतात. बाजारपेठेची काशी म्हणवणाऱ्या शहरात केबलवाला एकच?

याचं कारण रस्ता. तार घरोघर न्यायची तर रस्ता खणावा लागतो नाहीतर खांब वापरावे लागतात, आणि रस्ता शहराच्या मालकीचा. म्हणून शहर कंपनीशी रीतसर करार करतं, त्याला इथे फ्रँचाइझ म्हणतात. त्या बदल्यात शहर टीव्हीच्या उत्पन्नातला वाटा मागतं. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने तो जास्तीत जास्त ५ टक्के ठरवला आहे, आणि कंपन्या तो बिलात वेगळी ओळ दाखवून गिऱ्हाइकाकडूनच वसूल करतात. शिवाय काही वाहिन्या लोकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. क्वीन्सची क्यूपीटीव्ही, मॅनहॅटनची एमएनएन या अशाच वाहिन्या. त्या भागात राहणारा कुणीही तिथे कॅमेरा चालवायला शिकून आपला कार्यक्रम दाखवू शकतो.

आपल्याकडे १९९५ च्या केबल कायद्याप्रमाणे केबलवाल्याची नोंदणी मुख्य पोस्ट ऑफिसात व्हायची. अर्ज भरला, गच्चीवरून गच्चीवर तार फेकली, की धंदा सुरू. महापालिकेशी करार वगैरे भानगड नाही. कुठली गल्ली कुणाची हे मात्र सगळ्यांना माहीत असायचं, आणि ते कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसायचं.

अमेरिकेत ते कागदावर लिहिलेलं होतं, एवढाच फरक. पूर्वी शहरं एकाच कंपनीला मक्ता देत, त्यामुळे नगरसेवकांच्या सहीला भाव होता. टेलिप्रॉम्प्टर या तेव्हाच्या बड्या केबल कंपनीचा प्रमुख अर्व्हिंग कान पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनच्या पदाधिकाऱ्यांना लाच दिल्याबद्दल १९७१ मध्ये दोषी ठरला आणि तुरुंगात गेला. (हे आपल्याकडेच चालतं असं वाटणाऱ्यांच्या माहितीसाठी.) १९९२ मध्ये केंद्रीय कायद्याने असे एकहाती मक्ते बंद केले. दुसरी कंपनी परवानगी मागायला आली तर सबळ कारणाशिवाय तिला नाकारता येत नाही.

पण दुसरी कंपनी येईल कशाला? तिला तेच रस्ते पुन्हा खणायचे, तोच खर्च करायचा, आणि गिऱ्हाइकं मात्र निम्मीच मिळणार. त्यामुळे कायदा झाल्यानंतरही वर्षानुवर्षं फारसं काही बदललं नाही. बदल आणला तो व्हेरायझन या टेलिफोन कंपनीने. तिची तार आधीच प्रत्येक घरात होती, आणि मोबाइल आल्यावर लोक घरचा फोन काढून टाकायला लागले होते. व्हेरायझनने तांब्याच्या जागी फायबर टाकायला घेतलं, त्याला फायोस नाव दिलं आणि सप्टेंबर २००५ मध्ये टेक्सासमधल्या केलर या गावात त्यावरून टीव्ही सुरू केला. फोनची तार बदलायला शहराची नवी परवानगी लागत नव्हती. त्याच तारेतून टीव्ही पाठवायचा म्हटलं की फ्रँचाइझ हवी.

यातली आणखी एक गंमत जमिनीखाली आहे. मार्च १८८८ च्या हिमवादळात शहरभर लटकणाऱ्या तारा तुटून पडल्या आणि त्या भूमिगत करण्याचा रेटा वाढला. मॅनहॅटन आणि ब्रॉंक्समध्ये दूरसंचाराच्या तारांसाठी नळ्या टाकून त्या भाड्याने देण्याचं काम १८९१ पासून एम्पायर सिटी सबवे नावाची कंपनी करते. नावात सबवे असला तरी इथल्या भुयारी आगगाडीशी संबंध नाही. ही कंपनी व्हेरायझनच्याच मालकीची. म्हणजे जुनी केबल कंपनी आपल्या नव्या प्रतिस्पर्ध्याची भाडेकरू!

तर २००८ च्या उन्हाळ्यात, मायकल ब्लूमबर्ग महापौर असताना, शहराने व्हेरायझनला बारा वर्षांची फ्रँचाइझ दिली आणि जुलैत राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाने तिला मंजुरी दिली. शहराने अट घातली की पाचही बरोंमध्ये (बरो म्हणजे क्वीन्स, ब्रुकलिनसारखे शहराचे विभाग), प्रत्येक घरापर्यंत, २०१४ च्या मध्यापर्यंत फायबर पोचलं पाहिजे. ही अट मला फार महत्त्वाची वाटते. नाहीतर कुठलीही कंपनी आधी पैसेवाल्या वस्त्या उचलते आणि बाकीच्यांना पुढच्या वर्षीचा वायदा देते.

पुढचं सगळं अडलं ते इमारतींच्या दारात.

आमची इमारत को-ऑप आहे. को-ऑप म्हणजे आपल्या हाउसिंग सोसायटीची सख्खी बहीण. सेक्रेटरी, थकबाकी, पार्किंगवरची भांडणं, सगळं तसंच. नव्या कंपनीला आत घ्यायचं का, यावर मीटिंग झाली. फायबर मजल्या-मजल्यावर न्यायला कॉरिडॉरच्या छताजवळ प्लास्टिकची पट्टी बसवावी लागते. तिचा रंग भिंतीला शोभेल का, यावर पहिला अर्धा तास गेला. मग भोकं पडली तर प्लास्टर कोण करणार, असं आमच्या सुपरने विचारलं. सुपर म्हणजे इमारतीची देखभाल करणारा; तळघराच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात, त्यामुळे त्याचं मत अध्यक्षांपेक्षा जड. शेवटी एका आजोबांनी मूळ मुद्दा काढला. "त्यांचा धंदा आपल्या भिंतीवर, मग आपल्याला काय मिळणार?"

आजोबांचा प्रश्न थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जाऊन आलेला आहे. मॅनहॅटनमध्ये वेस्ट १०५ व्या रस्त्यावर जीन लोरेटो या बाईंनी १९७१ मध्ये पाच मजली इमारत विकत घेतली. नंतर त्यांच्या लक्षात आलं की गच्चीवर केबल कंपनीची अर्धा इंच जाडीची तार आणि दोन-चार खोकी आहेत. राज्याचा कायदा म्हणत होता की मालकाने केबल अडवायची नाही, आणि राज्याच्या तेव्हाच्या केबल आयोगाने मोबदला ठरवला होता एकदाच एक डॉलर. बाई कोर्टात गेल्या. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. कायमची बसवलेली तार कितीही बारीक असली तरी तो मालमत्तेचा ताबाच आहे, म्हणून भरपाई दिली पाहिजे. प्रकरण राज्यात परत आलं, आणि भरपाईची रक्कम शेवटी एक डॉलरच राहिली! घटना कायद्याच्या वर्गात हा खटला आजही शिकवतात.

म्हणजे न्यूयॉर्कमध्ये मालक केबलला कायमचा नकार देऊ शकत नाही; कंपनी राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाकडे जाऊन प्रवेशाचा आदेश आणू शकते. पण त्यात वेळ जातो, आणि फोन न उचलणाऱ्या मालकाचं काय करायचं हे कुठल्याच कलमात नाही. आमच्याकडे पट्टी बसायला काही वर्षं गेली.

मुदत संपल्यावर शहराने तपासणी केली. जून २०१५ च्या अहवालात कंपनीने करार पाळला नसल्याचा ठपका होता. कंपनी म्हणे, आम्ही तार इमारतीजवळून नेली आहे, आत घेत नाहीत ते घरमालक. शहर म्हणे, जवळून म्हणजे चौकातून चालणार नाही, प्रत्येक इमारतीच्या पुढून किंवा मागून गेली पाहिजे. २०१७ मध्ये शहराने खटला भरला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तडजोड झाली: आणखी पाच लाख घरं, त्यातली किमान सव्वा लाख सर्वांत मागे राहिलेल्या भागांतली. अट चांगली होती, पण तार नेमकी कुठपर्यंत न्यायची हे २००८ मध्येच नकाशा काढून लिहायला हवं होतं, असं माझं मत.

ज्यांच्याकडे दुसरी तार पोचली त्यांना तिचा उपयोग झाला का? ऑगस्ट २०१३ मध्ये पैशांच्या वादातून टाइम वॉर्नरवर सीबीएस वाहिनी महिनाभर बंद होती. त्या तिमाहीत देशभरात कंपनीची तीन लाखांहून जास्त टीव्ही गिऱ्हाइकं गेली. दर मात्र आपोआप उतरत नाहीत. नव्या गिऱ्हाइकाला वर्ष-दोन वर्षं सवलत, मग बिल चढतं. फोन करून "सोडतोय" म्हणणाऱ्याला पुन्हा सवलत मिळते आणि गप्प बसणारा पूर्ण भाव भरतो. आमच्या मजल्यावरच्या गुजराती काकू हे काम दरवर्षी इतक्या सफाईने करतात की शेजारी आता त्यांनाच फोनवर बसवतात.

आता तर केबल टीव्हीच लोक सोडताहेत. तरुण भाडेकरूला फक्त इंटरनेट हवं असतं, आणि इंटरनेटच्या उत्पन्नावर शहराला ती ५ टक्के फी घेता येत नाही. केबल कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या क्यूपीटीव्हीसारख्या वाहिन्यांचाही मूळ झरा आटत चालला आहे.

कुणाची मुलं शिकायला किंवा नोकरीला इकडे येत असतील तर एक सांगून ठेवा. घर बघताना इमारतीत किती कंपन्यांची तार आहे हे विचारायचं. एकाच कंपनीला आत घेण्याचे करार केंद्रीय दूरसंचार आयोगाने कधीच बंद केलेत; इमारतीत एकाच कंपनीची जाहिरात करण्याचे करार अजून चालतात, पण २०२२ पासून ते भाडेकरूला सांगणं बंधनकारक आहे. तरी ब्रोकरला विचारू नका, तो सगळ्यालाच हो म्हणतो. सुपरला विचारा.