आमची वाटचाल : वळणावर वाजणाऱ्या गाड्या आणि आमचे गॅरेज

वडिलांनी १९८१ साली चिपळूणला गॅरेज सुरू केले, तेव्हा दारात येणाऱ्या गाड्या म्हणजे प्रामुख्याने अ‍ॅम्बेसेडर, फियाट आणि महिंद्राच्या जीप. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जात असे आणि आवाजांच्या जागाही ठरलेल्या असत; क्लच सोडताच गाडीच्या पोटाखाली ‘टक्’ झाले की प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे ताकद मागे नेणाऱ्या लांब दांड्याचा, क्रॉस (सांधा) गेला, हे वडील जॅक न लावताच सांगत. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० बाजारात आली आणि पुढच्या काही वर्षांत कोकणातही दिसू लागली. तिची पुढची चाके गाडी ओढतही होती आणि वळतही होती, त्यामुळे सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे एकसारखी गती देणारा) जॉइंट नावाचा भाग आमच्या हाताखाली आला. आज आमच्याकडे लांबून गिऱ्हाईक येते ते बऱ्याच अंशी याच कामासाठी.

गिअरबॉक्सकडून चाकाला ताकद देणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या, चाकाकडच्या टोकाला असलेल्या या जॉइंटमध्ये बहुतेक गाड्यांत सहा पोलादी गोळ्या असतात. बाहेरची वाटी आणि आतला गाभा यांच्या खाचांतून त्या सरकत राहतात, म्हणून चाक पूर्ण वळलेले असतानाही त्याला एकसारखी गती मिळते. आत काळे मोली ग्रीस आणि वरून ते धरून ठेवणारे घड्यांचे रबरी बूट, एवढाच त्याचा संसार. जॉइंट आपणहून क्वचितच खराब होतो. आधी बूट फाटते. मग फिरत्या शाफ्टमुळे ग्रीस बाहेर फेकले जाते, आमच्याकडची जांभ्याची तांबडी धूळ उन्हाळ्यात आत जाते, पावसाळ्यात तिच्यावर पाणी पडते आणि खाचा घासल्या जातात. खाच झिजून गोळीला मोकळीक मिळाली की वळणावर भार येताच ती आदळते आणि चाकाच्या वेगाबरोबर वाढणारी ‘कट-कट-कट’ सुरू होते.

गणपतीच्या दिवसांत मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांत ही तक्रार हमखास असते. महामार्गावर सरळ धावताना गप्प असलेली गाडी वाडीकडच्या अरुंद चढावर, पहिल्या गिअरमध्ये, फुल कट मारून वळवली की बोलू लागते. अशाच एका गृहस्थांनी दुसरीकडे सस्पेन्शनचे भाग, म्हणजे स्ट्रटचे (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे) वरचे माउंटिंग आणि दोन्ही लिंक रॉड, बदलून घेतले होते, खर्च बराच झाला होता आणि आवाज जागच्या जागी होता. आम्ही गाडी मोकळ्या जागेवर नेली, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवली, नंतर दुसऱ्या बाजूला फिरवली आणि एक माणूस चाकाशेजारून चालत ठेवला. बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा जॉइंट वाजतो. पण केवळ कानावर विसंबून निकाल देणे मला पटत नाही. गाडी घोडीवर घेतली तेव्हा उजव्या चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे उडालेले होते, आणि बुटाच्या घडीच्या तळाशी बोटभर लांबीची चीर होती. चाक सरळ असताना घडी मिटते आणि ती चीर दिसत नाही. पूर्ण वळवल्यावरच ती उघडते.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा आवाज आला, तर वरच्या माउंटिंगचे बेअरिंग तपासावे लागते. खड्ड्यात खडखड झाली तर लिंक रॉड किंवा चाक खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट, वेगाबरोबर घुमणारा आवाज असेल तर चाकाचे बेअरिंग, आणि सरळ रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी थरथरली तर शाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर संशय घ्यावा. टायरच्या नक्षीत रुतलेला खडा आणि ढिले चाकाचे नट हे मात्र सर्वांत आधी पाहायचे, कारण त्यांना खर्च लागत नाही.

बूट फाटलेले आहे पण आवाज सुरू झालेला नाही, असे असेल तर जॉइंट धुऊन, खाचा पाहून, नवे ग्रीस, नवे बूट आणि नव्या क्लिपा घातल्या की भागते. आवाज सुरू झाल्यावर मात्र ग्रीस भरून काही साधत नाही. जॉइंट किंवा अख्खा शाफ्ट बदलावा लागतो. शाफ्ट काढताना गिअरबॉक्सचे ऑइल सील जपणे, हबचा (चाकाच्या मध्यभागाचा) नट नवा घेऊन टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच, आवळणे आणि शेवटी गिअर ऑइलची पातळी पाहणे, यांत आमच्याकडे सूट नाही. काही ठिकाणी डाव्या-उजव्या जॉइंटची अदलाबदल करून देतात. भार खाचेच्या न झिजलेल्या बाजूवर येत असल्याने आवाज काही काळ थांबतोही. गाडी विकायला काढलेल्या माणसाला ही युक्ती फार आवडते. आम्ही ती करत नाही, आणि त्यामुळे काही गिऱ्हाइके परत गेली आहेत.

२२ जुलै २०२१च्या वाशिष्ठी नदीच्या महापुरात आमचे गॅरेजही बुडाले. त्यानंतर आलेल्या गाड्यांत बूट शाबूत असलेले जॉइंट बरेचसे वाचलेले दिसले; फाटक्या बुटांच्या जॉइंटमध्ये गाळ घट्ट बसला होता. तेव्हापासून कोणतीही गाडी कोणत्याही कामासाठी आली, तरी आम्ही दोन्ही चाके पूर्ण वळवून बुटे पाहतो आणि फाटलेले असेल तर मालकाला खाली वाकवून दाखवतो. नुसता आवाज शोधण्याची मजुरी वेगळी घेतो. यावर सुरुवातीला कुरकुर होई, आता फारशी होत नाही.

अलीकडे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या विजेच्या गाड्याही येऊ लागल्या आहेत. त्यांतही शाफ्ट, जॉइंट आणि बूट आहेतच. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे कटकट मालकाच्या कानावर लवकर पडते, आणि आमच्याकडे येणारा जॉइंट त्या मानाने कमी झिजलेला असतो.