टोंगा रूममधला पाऊस

पाऊस बघायला पैसे मोजून हॉटेलच्या तळघरात जावं लागतं, असं मालवणात कुणाला सांगितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. पण मी गेलो. सॅन फ्रान्सिस्कोत नॉब हिलवर फेअरमाँट हॉटेल आहे, त्याच्या पोटात 'टोंगा रूम' नावाचा बार. मधोमध तळं. ते मुळात हॉटेलचा १९२९ सालचा पोहण्याचा तलाव. १९४५ मध्ये सिनेमाचे सेट उभारणाऱ्या माणसाला बोलावून त्याचं दक्षिण समुद्रातलं बेट करून घेतलं. बँड तराफ्यावर बसून पाण्यावर तरंगतो. आणि अधूनमधून ढग गडगडतात, वीज चमकते, तळ्यावर सरी कोसळतात.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी नजर आधी छपराकडे गेली, कुठे गळतंय का म्हणून. आमच्याकडे पावसाआधी पडवीला झापं बांधतात आणि ती बघता बघता कुजतात. इथल्या छपरांना ती भीती नाही, कारण पाऊस फक्त तळ्यावर पडतो. समोर माय ताय आला: बुटका पेला, बर्फाचा चुरा, वर पुदिन्याची जुडी. आंबट, गोड आणि मागून रमचा दणका. खरं सांगायचं तर झकास होता.

सोमवारी ऑफिसात ही हकिगत मित्राला सांगितली. तो टोंगाचा, म्हणजे दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशातला. म्हणजे आईवडील टोंगाचे, हा जन्मानं सॅन मटेओचा. त्या भागात टोंगाचे बरेच लोक आहेत. त्यानं शांतपणे विचारलं, "तिथे टोंगाचं काय होतं?"

मी आठवायला लागलो. रम कॅरिबियन बेटांवरची. संत्र्याच्या सालीचं क्युरासाओ, तेही तिकडचंच नाव. बदामाचं सरबत फ्रेंचांचं. सोबत आलेलं खाणं चिनी हॉटेलातलं वाटावं असं. उरलं दारावरचं नाव.

पॅसिफिक बेटांचं सोंग घेतलेल्या अशा बारांना टिकी बार म्हणतात. मग मी रात्री जागून त्यांचा इतिहास वाचला. सुरुवात हॉलिवूडमध्ये. दारूबंदी डिसेंबर १९३३ मध्ये उठली आणि त्याच सुमारास अर्नेस्ट गँट नावाच्या भटक्या माणसानं तिथे छोटासा बार थाटला. पुढे त्यानं स्वतःचं नावच डॉन बीच करून घेतलं. बेटं हिंडून जमवलेली जाळी, तरंगणी, लाकडं भिंतींना टांगली आणि रमची पेयं विकायला काढली. त्याचं 'झोंबी' इतकं कडक की एका माणसाला दोनच मिळायची. कृती फुटू नये म्हणून बाटल्यांवर नुसते आकडे आणि सांकेतिक नावं. बारवाल्यांना कळायचं की अमुक नंबरचं इतकं घाला, पण आत काय आहे ते नाही. आमच्या एका काकूचा गोडा मसाला असाच होता, सुनेला डबा मिळायचा, प्रमाण नाही. 'डॉन्स मिक्स' म्हणजे ग्रेपफ्रूटचा रस आणि दालचिनीचा पाक, हे लोकांना कळायला कित्येक दशकं गेली. गंमत म्हणजे त्याच्या बारमागे उभे राहणारे बरेच जण फिलिपिन्सचे होते. त्यातल्या रे ब्युएननं १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला स्वतःचा 'टिकी-टी' काढला, तो आजही चालू आहे.

दुसरा व्हिक्टर बर्गेरॉन, आमच्या खाडीपलीकडच्या ओकलंडचा, 'ट्रेडर व्हिक'. लहानपणी क्षयामुळे याचा एक पाय गेला होता; गिऱ्हाइकांना तो सांगायचा की शार्कनं नेला. माय ताय आपलाच, असा त्याचा दावा. १९४४ मध्ये ताहितीहून आलेल्या मित्रमंडळींना त्यानं ते पाजलं, त्यातली बाई म्हणाली, "माइताई रोआ आए", म्हणजे अगदी उत्तम, आणि तेच नाव पडलं. म्हणजे एवढ्या सगळ्यात पॉलिनेशियाचं, ताहिती-टोंगा-हवाई या बेटांच्या पट्ट्याचं, जे अस्सल आहे ते एक कौतुकाचं वाक्य, तेही अर्धं कापलेलं.

वाचता वाचता एके ठिकाणी मी आपल्या अंगणात येऊन पडलो. डॉनची बहुतेक पेयं कॅरिबियन 'प्लँटर्स पंच'वर बेतलेली: एक आंबट, एक गोड, एक कडक, एक पाणीदार आणि थोडा मसाला. आणि 'पंच' शब्द आला कुठून? जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात सुरत-मुंबई-गोवा भागात फिरला. त्यानं लिहून ठेवलंय की 'पाँच' म्हणजे हिंदुस्थानी भाषेत पाच, आणि या पेयात पाच गोष्टी पडतात. काही अभ्यासकांना ही व्युत्पत्ती पटत नाही, पण गोव्याच्या अ‍ॅरकचं, म्हणजे माडाच्या दारूचं, पंच इंग्रज खलाशी आवडीनं पीत, याबद्दल वाद नाही. तेव्हा उसन्या घेतलेल्या या पेयांच्या ढिगात तळाशी आपलीही एक काडी आहे. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग बिल तुझ्याकडे पाठवायला हवं होतं."

दुसऱ्या महायुद्धानंतर तर लाटच आली. पॅसिफिकमधून परतलेल्या सैनिकांना तिथली लढाई नको होती, चांदणं हवं होतं. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं, जेट विमानं सुरू झाली, अंगणात टिकीचे पुतळे उभे राहिले. होनोलुलूच्या बारमध्ये हॅरी यी नावाचा चिनी वंशाचा माणूस पेयांत उसाचं कांडं घालायचा. लोक ते चघळून राखदाणीत टाकत, राख चिकटून सगळा लगदा होई, तो साफ करण्याचा कंटाळा येऊन त्यानं उसाऐवजी ऑर्किड ठेवायला सुरुवात केली. आज ते फूल बघून लोकांना बेटांची आठवण येते. 'ब्लू हवाई' हे निळं पेयही त्याचंच, १९५७ चं.

टोंगा रूमला गेलो त्या रात्री मी एक मातीचा मगही विकत आणला होता, देवाच्या तोंडाचा. बटबटीत डोळे, दात विचकलेले, डोकं कापून आत दारू ओतायची सोय. टिकी म्हणजे न्यूझीलंडच्या माओरी परंपरेत पहिला मनुष्य. मार्केसस बेटांवर कोरलेली पूर्वजांची, देवांची मूर्ती. हवाईत त्यालाच किई म्हणतात. माझ्या मगाचे डोळे मार्केससचे, नाक ईस्टर बेटावरच्या मोआई पुतळ्यांचं. मित्रानं फोटो बघितला आणि म्हणाला, "हा कुणीच नाही." मला कसंनुसं झालं. कारण चपलेवर गणपती छापला म्हणून आमच्या गटात निषेधाचा अर्ज फिरला होता, त्यावर मी तावातावानं सही केली होती. तो मात्र चिडलेला नव्हता. त्याचा एक काका तरुणपणी अशाच एका बारमध्ये आगीचे सुरे फिरवायचा. आगीचे सुरे सामोआचे, काका टोंगाचा, पण पगार वेळेवर मिळायचा.

"आमचं पेय बघायचंय का?" असं म्हणून एका शुक्रवारी तो मला फाइकावाला, म्हणजे कावा पिण्याच्या बैठकीला, घेऊन गेला. चर्चमागचा हॉल, ट्यूबलाइट, जमिनीवर विणलेल्या चटया. पंधरा-वीस पुरुष मांडी घालून गोल बसलेले, काहींच्या कमरेला चटईच गुंडाळलेली. तिला 'ताओवाला' म्हणतात. माझ्या मराठी कानाला वाटलं, हा काय विकतो? मधे पायांचं लाकडी पातेलं, कुमेटे. एका झुडपाच्या मुळांची पूड पाण्यात कालवून गाळलेली, तो कावा. युरोपीय जहाजं येईपर्यंत पॉलिनेशियात दारू नव्हतीच. हे होतं, आणि हे अजून आहे. एक मुलगी करवंटी भरभरून देत होती. करवंटी घासून काळीभोर, हातात घेतल्याबरोबर घरची डवली आठवली.

दिसायला गढूळ, डबक्यातल्या पाण्यासारखा. एका घोटात संपवायचा. चव मातीची, मग मिऱ्यासारखी, आणि क्षणभरात जीभ आणि ओठ बधिर. लहानपणी अक्कलकाऱ्याचं फूल चावलं की जसं व्हायचं, थेट तसं. नंतर कळलं की कावा हा मिरी, पिंपळी आणि विड्याच्या पानाचा सख्खा भाऊबंद, एकाच कुळातला. नशा म्हणावी अशी चढत नाही. खांदे सैल पडतात आणि उठावंसं वाटत नाही. कुणीतरी गिटार घेतली, चार सुरांत गाणी सुरू झाली, प्रेमाची आणि देवाची आलटून पालटून, एक संपलं की टाळी आणि पुन्हा करवंटी. आमच्या आळीतल्या भजनी मंडळींना तिथे नेऊन बसवलं असतं तर दहा मिनिटांत मिसळून गेली असती. ना छत्री, ना फूल, ना गडगडाट. रात्री एक वाजता मी घरी आलो आणि बायकोला म्हटलं, "दिभेला काही कलत नाही." ती हसत सुटली.

टोंगा रूमला मी परत जाणार आहे, माय ताय प्यायला. ते पेय ओकलंडचं आहे आणि चांगलं आहे. त्याला बेटाचं सोंग घ्यायची गरज नव्हती, एवढंच.

मगाचं काय करायचं ते ठरत नव्हतं, म्हणून दाराजवळ ठेवून दिला होता. परवा व्हिडिओ कॉलवर आईला तो दिसला.

"हो खयचो देव?"

म्हटलं, कुठलाच नाही, असाच बनवलेला.

"असो नाय तर तसो. चपलांच्या कपाटार कित्याक ठेवलंस? उचल थयसून."

उचलला. आता तो स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. आत पाणी घालून कढीपत्त्याची काडी खोचली आहे, अजून मूळ धरत नाही.