प्लॅनेरियाचा मेंदू उगवला, पण दिसता दिसेना

प्लॅनेरिया या चपट्या पाणकृमीचं डोकं उडवलं की आठवडाभरात नवा मेंदू येतो, याबद्दल माझी काही तक्रार नाही. श्मिटिया मेडिटेरेनिया जातीचे कृमी बर्फावर ठेवून कापले. जखम तासाभरात मिटली, पांढुरका ब्लास्टेमा, म्हणजे नव्या पेशींचा कोंब, आला, पाचव्या दिवसाच्या आसपास काळे डोळेही. निओब्लास्ट, म्हणजे कृमीच्या मूळ पेशी (स्टेम सेल), आपलं काम चोख करतात.

मला बघायचे होते दोन डोक्यांचे कृमी. शेपटी कुठे यावी हे ठरवणाऱ्या बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचं जनुक दाबलं तर शेपटीच्या जागीही डोकं उगवतं, हे 2008 पासून माहीत आहे. डोळे बाहेरून दिसतात. आत मेंदू आहे की नाही, ते स्टेनिंग केल्याशिवाय, म्हणजे चमकणाऱ्या अँटीबॉडीनं चेतापेशी रंगवल्याशिवाय, कळत नाही.

आणि स्टेनिंगनं माझा जीव काढला! कृमीभोवती बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो. तो नीट निघाला नाही तर अँटीबॉडी आत शिरतच नाही. मायक्रोस्कोपखाली कडेला हिरवी झगझगीत किनार आणि मध्ये अंधार, असं चित्र दिसतं. ज्या शोधनिबंधात बघावं तिथे 'श्लेष्मा काढून टाकला' एवढी एकच ओळ. कसा काढला, किती वेळ, नळी हलवली की नुसती ठेवली? आलेखांना पानंच्या पानं मिळतात आणि यासाठी दोन वाक्यांची जागा नाही!

शेवटी जमलं ते असं: श्लेष्मा सोडवणाऱ्या एन-असिटिल सिस्टीनचं 5 टक्के द्रावण, त्याच दिवशी केलेलं. पाच ते दहा मिनिटं, नळी हलक्या हातानं फिरवत. वेळ कमी पडला तर थर उरतो, जास्त झाला तर फिक्सिंगसाठी (ऊती आहे तशा टिकवण्यासाठी) फॉर्मॅल्डिहाइडमध्ये जाण्याआधीच कृमीच्या चिंध्या होतात. पाठीवरचा तपकिरी रंगही आड येतो. तो मिथेनॉलमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, प्रखर दिव्याखाली रात्रभर ठेवून घालवायचा. मग अँटीबॉडीला भरपूर वेळ द्या, धुण्यालाही तेवढाच. इथे घाई करणाऱ्याला धुकंच दिसतं.

हो, एक राहिलं. शेवटचं खाणं आणि फिक्सिंग यांत आठवडा तरी जाऊ द्या, नाहीतर कृमीनं खाल्लेलं यकृतच आतड्यात चमकत बसतं. आणि क्लोरीनचं पाणी चुकूनही वापरू नका.

एकदाचे दिसले: दोन्ही टोकांना दोन-दोन खंडांचे मेंदू, त्यांना जोडणारे पोटाकडचे चेतारज्जू, आणि डोळ्यांकडून निघून मध्यरेषेवर एकमेकांना छेदणारे तंतू. त्या दिवशी दिसेल त्याला खुर्चीवर बसवून मी ते दाखवलं.

प्रत्येक वेळी सोबत न कापलेले कृमीही रंगवा. त्यांचाही मेंदू दिसला नाही, तर गडबड स्टेनिंगची आहे. उगाच जनुकाला दोष देऊ नका.