मॉलमधलं थाई, आणि तेही एकटीनं

"घरी एवढं सगळं असताना मॉलमध्ये जाऊन ते थाई काय खायचं? आणि तेही एकटीनं?" सोसायटीची लिफ्ट, ऑफिस, बारशाची पंगत, हा प्रश्न मला सगळीकडे विचारून झालाय. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, तेही कळतं. तरी एकदा लिहून ठेवते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

'स्वस्त पडतं' हे उत्तर मी बरीच वर्षं दिलं. ते खोटं नाही. चांगल्या थाई हॉटेलात करी वेगळी, भात वेगळा. दोघांना पुरेल एवढं भांडं समोर येतं आणि बिल हजाराच्या पुढे जातं. नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या मॉलमध्ये फूडकोर्टातल्या काउंटरवर भात आणि करी एकाच बोलमध्ये, तीनशेच्या आसपास. पण मॉल स्टेशनच्या डोक्यावरच आहे, आणि स्वस्तच हवं तर स्टेशनबाहेर वडापाव मिळतो, हे जाऊबाईंनी हसत हसत दाखवून दिलं. मला तेव्हा काही सुचलं नाही.

दुसरा आक्षेप आमच्या नणंदेच्या यजमानांचा. ते बँकॉकला जाऊन आलेत, त्यामुळे "हे काही खरं थाई नव्हे." बरं. भाऊजी तिथे सहलीच्या कंपनीसोबत होते आणि आठवडाभर पनीर आणि पिवळी डाळ खाऊन परतले, तो भाग सोडून देऊ. बँकॉकमध्ये नोकरदार माणसंसुद्धा मॉलमध्येच जेवतात. १९८५ मध्ये उघडलेलं एमबीके सेंटर घ्या, नाहीतर २०११ मधलं असोक भागातलं टर्मिनल २१ घ्या. तिथल्या फूडकोर्टात कार्डावर पैसे भरायचे, काउंटरवरून ताट उचलायचं आणि उरलेले पैसे जाताना परत घ्यायचे. आणि खरं म्हणजे तरी किती जुनं खरं? सयामचं नाव १९३९ मध्ये थायलंड झालं, ते पंतप्रधान पिबुनसोंग्राम यांच्या राजवटीत. पॅड थाईला, म्हणजे त्या परतलेल्या नूडल्सना, देशाचा पदार्थ म्हणून पुढे रेटलं तेही त्यांच्याच सरकारनं. मिरची तर त्यांच्याकडे आणि आपल्याकडे, दोन्हीकडे पोर्तुगीजांच्या काळातच पोचली. शुद्धतेचा आग्रह धरायचा, तर आपल्या ठेच्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

बघा, मी पुन्हा भांडायला लागले. प्रश्न तो नव्हताच.

काउंटरवरचा मुलगा नेपाळचा आहे. हिरव्या वाटणाचा एक चमचा कढईत टाकून तो आच एकदम वाढवतो, त्यावर नारळाचं घट्ट दूध ओततो आणि कडेला हिरवं तेल सुटेपर्यंत हलवत राहतो. मग बेबी कॉर्न, मशरूम, बांबूच्या कोंबाचे काप. शेवटी मकरुत लिंबाचं पान चुरगळून टाकतो, एकाला एक जोडलेली दोन पानं असावीत असं दिसणारं. गवती चहा माझ्या बाल्कनीत कुंडीभर आहे. आल्याच्या जातीचं ते गलांगल काष्ठौषधींच्या दुकानातल्या कोळिंजनाचं भावंडच. म्हणजे घरी करता येईल, आणि मी केलंही होतं. सगळ्यांनी खाल्लं. मुलगा म्हणाला, "आई, आमटीत साबण पडलाय." सासूबाईंनी न बोलता ताकभात कालवला.

आता त्या दुपारचं सांगते, कारण हा प्रश्न खरा तिथून सुरू झाला.

सासूबाई बाथरूममध्ये पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. रात्री मी त्यांच्यापाशी आणि दिवसा आळीपाळीनं बाकीचे, असं ठरलं होतं. ठरवताना मी तिथेच होते, तरी रात्र माझ्याकडे कशी आली ते आठवत नाही. सोबतच्या माणसाला तिथे एक अरुंद बाकडं असतं, कूस बदलली की करकरणारं. सासूबाईंना औषधाच्या गुंगीत भास व्हायचे. त्या मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाका मारायच्या आणि मी 'ओ' द्यायचे. त्या दिवशी धाकटे भाऊजी यायला दुपार झाली. मी घरी निघाले. घरी गेले असते तर भांडी होती, मुलाचा डबा होता, फोन होते. रिक्षावाल्याला मी सीवूड्स सांगितलं. आधी ठरवलं नव्हतं, तोंडातून तेच आलं.

ग्रीन करी घेतली. ऑर्डर तयार झाल्याचं कळवणारा हातातला चकतीसारखा बझर थरथरला तेव्हा मी दचकले, हॉस्पिटलचा फोन वाटला. कोपऱ्यातलं टेबल धरलं. चमच्यानं खात होते, काटा फक्त भात चमच्यावर ढकलायला. थाई लोक असंच खातात. काड्या ते बहुतेक नूडल्सना वापरतात, तरी आपले लोक भाताशीही काड्यांनी झुंजत बसतात. अन्न गरम होतं. कुणाला आणखी काही हवंय का, हे बघायला उठायचं नव्हतं. मला फार बरं वाटत होतं, आणि ते तोंडावर दिसत असणार. कारण नेमकी तेव्हाच माझी भाची, म्हणजे नणंदेची मुलगी, मैत्रिणींबरोबर वरच्या सरकत्या जिन्यावरून खाली येत होती. तिनं फोटो काढला. "मामी एन्जॉइंग!" असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकला, पुढे लाल बदाम. पोरीच्या मनात काही नव्हतं. ती धावत येऊन मला बिलगून गेली.

ग्रुपवर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग वन्सं लिहित्या झाल्या : "आईला आज दोन चमचे सूपसुद्धा गेलं नाही."

एवढंच. मला उद्देशून नव्हतं. त्याखाली जाऊबाईंनी हात जोडले, कुणा काकांनी 'लवकर बऱ्या होवोत' टाकलं. मी बोलमधला उरलेला भात संपवला. होय, संपवला. तुम्हाला सगळ्यात जास्त तेच खुपतं, आणि टाकून उठले असते तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. रात्री हे म्हणाले, "आजच्या दिवशी जायलाच हवं होतं का?" मी विचारलं, "मग कुठल्या दिवशी?" त्यावर ते गप्प बसले आणि मी पिशवी भरून पुन्हा त्या बाकड्यावर गेले.

सासूबाई आता वॉकर घेऊन हॉलपर्यंत येतात. त्यांना हे कधी कळलं का, मला ठाऊक नाही. त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, पण वन्सं आहेत.

मग थाईच का? त्यानंतर मी बराच विचार केला. डोसा खाल्ला असता तर 'आमच्यासाठी का नाही आणलास' झालं असतं. मिसळ खाल्ली असती तर कुठली चांगली यावर चर्चा. थाई आमच्या घरात कुणालाच आवडत नाही, त्यामुळे ते कुणाला बांधून आणावं लागत नाही. आणि फूडकोर्टात "किती जण?" असं विचारणारा वेटर नसतो. मी पैसे भरते, एका माणसाचं अन्न येतं, मी ते खाते. मी स्वतःशीच म्हणायचे की यात स्वार्थ नाही, जरा विश्रांती आहे. आता वाटतं, स्वार्थ आहे थोडा. असू दे. पण मग वाटतं, पुरुष ऑफिसातून सुटल्यावर टपरीवर अर्धा तास उभे राहतात, त्याला कुणी स्वार्थ म्हणत नाही. मग मी तरी का म्हणू? हे माझं अजून दोन्हीकडे चालू आहे.

परवा ह्यांनी अचानक विचारलं, "मी आलो एकदा तुझ्याबरोबर, तर?" मी म्हटलं, फार तिखट असतं, तुमच्या ॲसिडिटीला झेपायचं नाही.

तितकं तिखट नसतं. सांगितलं की तो मुलगा कमीही करून देतो.