किडनीची जादा धमनी शोधताना : डिसेक्शन टेबलावरचा माझा अनुभव

पुस्तकातल्या चित्रात किडनीला एक धमनी असते, एक शीर असते आणि मागे युरेटर, म्हणजे मूत्रवाहिनी. टेबलावर साधारण चारांतल्या एका देहात हे चित्र जुळत नाही, एका तरी बाजूला दुसरी धमनी निघते. देहदानातून आलेल्या देहावर हे काम करताना माझा क्रम नेहमीच्या पद्धतीच्या उलटा असतो. हायलम (किडनीची खाच, जिथून वाहिन्या आत-बाहेर जातात) साफ करत आत एओर्टाकडे, म्हणजे पोटातल्या महाधमनीकडे, जाण्याऐवजी मी आधी एओर्टा मोकळी करतो आणि मग बाहेर जातो.

याचं कारण गर्भात आहे. पाचव्या आठवड्यात कायमची किडनी ओटीपोटात, सेक्रमसमोर (कण्याच्या तळाच्या हाडासमोर) घडायला लागते. तेव्हा रक्त जवळून येतं, कॉमन इलियाक आणि मिडियन सेक्रल धमनीच्या फांद्यांतून. सहाव्या ते नवव्या आठवड्यात ती वर चढते, वाटेत एओर्टाच्या वरच्या फांद्या धरते आणि खालच्या विरत जातात. जी विरायची राहून गेली ती जादा धमनी. त्यामुळे आतड्याला रक्त देणाऱ्या सुपीरियर मेझेंटेरिक धमनीपासून थेट एओर्टाच्या दुभंगापर्यंत, आणि खाली कॉमन इलियाकपर्यंत, दोन्ही कडा पाहिल्याशिवाय ‘एकच आहे’ असं मी लिहीत नाही.

हॉलचे मामा कमरेखाली लाकडी ठोकळा सरकवतात, आतडी बाजूला घेतली जातात आणि जेरोटा फॅशियाला (किडनीभोवतीच्या आवरणाला) उभा छेद दिला जातो. इथून पुढे कात्री ट्रेमध्येच. आतली चरबी बोथट चिमट्याने, वाहिनीच्या लांबीच्या दिशेने ओढायची; आडवी ओढली की बारीक फांदी तिच्यासोबत निघून येते. मुख्य धमनी पाच-सहा मिलिमीटरची असते, ती हरवत नाही. खालच्या टोकाला जाणारी दोन मिलिमीटरची असू शकते, आणि फॉर्मेलिनने घट्ट झालेल्या चरबीत ती दोऱ्यासारखीच दिसते. म्हणून किडनीचं खालचं टोक बोटाने किंचित उचलतो. जे ताणतं त्याची खात्री करायची: चिमट्यात धरून फिरवलं की धमनीची भिंत चपटी होऊन परत फुगते, सिम्पथेटिक मज्जातंतूचा धागा मात्र भरीव राहतो. शीर पातळ असते आणि बहुधा काळ्या गुठळीने भरलेली.

सगळ्यात जास्त घोळ गोनॅडल (वृषणाकडे किंवा अंडाशयाकडे जाणाऱ्या) धमनीशी होतो. तीही मुख्य धमनीच्या खाली, एओर्टाच्या पुढून निघते. पण ती युरेटरच्या पुढून खाली वळते, किडनीच्या टोकाकडे जाणारी जादा धमनी आडवी किंवा वर जाते. कधीकधी गोनॅडलच या जादा धमनीतून फुटते, म्हणून फक्त उगम पाहून नाव देऊ नये. ती शेवटी कुठे जाते ते पाहावं.

उजव्या बाजूला घाई नडते. मुख्य धमनी आयव्हीसीच्या (इन्फीरियर व्हेना कावा, खालच्या महाशिरेच्या) मागून जाते, म्हणून आयव्हीसी कापून उलटायची सवय असते. पण खालच्या टोकाची धमनी अनेकदा आयव्हीसीच्या पुढून जाते आणि त्याच छेदात तुटते. आधी पुढची बाजू पूर्ण साफ, मगच सुरी. डावीकडे रीनल (किडनीची) शीर एओर्टाच्या पुढून जाते का, हे बोट घालून बघतो. मागून गेलेली किंवा एओर्टाभोवती कडं करणारी शीर कमरेच्या लंबर शिरांशी जोडलेली असते आणि ओढताना फाटते.

हायलमचं तोंड पुढे असेल तर मी खाली जास्त शोधतो. वर चढताना किडनी सुमारे ९० अंश आत फिरते. ती फिरली नसेल तर धमन्याही खालून आलेल्या असण्याची शक्यता वाढते. हॉर्सशू किडनीत (दोन्ही किडन्या एकमेकींना जोडलेल्या असतात तेव्हा) तर जोडपट्टी इन्फीरियर मेझेंटेरिक धमनीखाली अडकलेली असते आणि तिला वेगळ्याच फांद्या मिळतात.

‘जादा’ म्हटलं तरी ती धमनी फालतू नसते. किडनीच्या आतल्या सेगमेंटल (एकेका भागाला रक्त देणाऱ्या) धमन्या तिथेच संपतात, शेजारणीशी जोडलेल्या नसतात. ही धमनी बंद झाली तर तेवढा तुकडा मरतो. खात्री करायची असेल तर कोमट पाण्याने वाहिनी धुऊन तिच्यात रंगीत लॅटेक्स हलक्या हाताने भरतो. चिरल्यावर तेवढीच पाचर रंगलेली दिसते. पाण्याने न धुता भरलं तर गुठळीमागे लॅटेक्स अडतं आणि खोटा निष्कर्ष निघतो.

नोंदीत बाजू, संख्या, सुपीरियर मेझेंटेरिकच्या खालच्या कडेपासून उगमाचं अंतर, व्हर्नियर मापकाने घेतलेला व्यास, हायलममध्ये जाते की टोकात, आयव्हीसीच्या पुढे की मागे, आणि युरेटरच्या पुढे की मागे. शेवटची नोंद मी कधी गाळत नाही. युरेटर जिथे किडनीला जोडतो त्या वरच्या सांध्यापुढून गेलेली धमनी किडनीचं पेल्विस (लघवी गोळा होणारी पिशवी) फुगण्याला हातभार लावते, आणि प्रत्यारोपणासाठी काढलेल्या किडनीत खालच्या टोकाची धमनी बांधून टाकली तर युरेटरचा रक्तपुरवठा तुटून तो कुजू शकतो.