तार सोडलेला ड्रम

मे महिन्याची भर दुपार आणि साखर पेठेतून वरात चाललेली. उन्हाने नवरदेवाच्या घोड्याचाही पाय उचलत नव्हता, बँडवाले मात्र जोरात. एका पोराच्या गळ्यातला ड्रम वेगळाच वाजत होता. खर्रऽऽ यायच्या जागी ठण्ण. खालच्या तारांचा खटका पडलेला असणार. मेटालिका या अमेरिकन मेटल बँडचा 'सेंट अँगर' हा शिव्या खाल्लेला अल्बम ज्याने एकदा ऐकलाय, तो हा ठण्ण कुठेही ओळखेल. सोलापुरात हा अल्बम कुणाला लावून दाखवा, पहिल्या मिनिटात प्रश्न येतो, "काय बे, पत्र्याचा डबा वाजवलाय का?"

डबाच आहे, पण कसा ते बघा. अशा तारांच्या ड्रमला स्नेअर म्हणतात, आणि त्याला दोन पडदे असतात. वरच्यावर काठी पडते. खालचा पातळ असतो आणि त्याला लागून बारीक पिळाच्या तारांचा पट्टा असतो. बाजूचा खटका लावला की पट्टा पडद्याला चिकटतो आणि प्रत्येक ठोक्याला थरथरतो. ती खरखर ठोक्याची गुंज खाऊन टाकते. खटका पाडला की गुंज मोकळी सुटते. मेटालिकाचा ड्रमवाला लार्स उलरिक याच्या सांगण्याप्रमाणे एके दिवशी तारा लावायच्या राहिल्या, आणि परत ऐकताना त्याला तेच आवडलं.

पण नुसता ठण्ण एवढा बोचला नसता. गिटारींच्या तारा सैल करून सूर ड्रॉप सी या खालच्या पट्टीत किंवा त्याच्याही खाली नेलेले, म्हणजे सगळा जाड आवाज तळाला जाऊन बसलेला. त्यात सोलो, म्हणजे एकट्या गिटारने पुढे येऊन वाजवायचा तुकडा, एकही नाही. एरवी गिटारवाला कर्क हॅमेट याचे सूर जिथे नाचायचे ती वरची जागा ओसाड, आणि त्या ओसाड जागेत एकटा ड्रम. शिवाय लय जलद, एका ठोक्याची गुंज विरायच्या आत दुसरा ठोका हजर. लोक शिव्या स्नेअरला घालतात, माझ्या मते निम्म्या शिव्या गायब झालेल्या सोलोला घालायला हव्यात.

आता अशा बदनाम अल्बमांची वकिली. आधी 'सेंट अँगर'. जानेवारी 2001 मध्ये बेस गिटारवाला जेसन न्यूस्टेड बँड सोडून गेला. त्याच वर्षी गायक जेम्स हेटफिल्ड व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला, आणि परतला तो दुपारी बारा ते चार एवढंच काम करायचं ही अट घेऊन. बेस गिटार अल्बमचा निर्माता बॉब रॉक यानेच वाजवली. जून 2003 मध्ये आलेला अल्बम पंच्याहत्तर मिनिटांचा, गाणी अकरा. घर मोडायला आलेल्या माणसांनी वाजवलेली गाणी ही, त्यांना घासूनपुसून चकचकीत करणं हा खोटेपणा झाला असता. लांबी मात्र मलाही पटत नाही. तालमीतले तुकडे संगणकावर जोडून गाणी बांधली, आणि ते सांधे ऐकू येतात. म्हणून सलग ऐकू नका. आधी 'फ्रँटिक', मग शीर्षकगीत, मग उठून पाणी प्या. अल्बमबरोबर आलेल्या डीव्हीडीत हीच गाणी तालमीत वाजवलेली आहेत, बेसवर नवा आलेला रॉबर्ट त्रुहिलो. ज्यांना डबा सहनच होत नाही त्यांनी तिथून शिरावं.

त्याच बँडच्या 1996 च्या 'लोड'चा गुन्हा तर याहून हलका: बँडवाल्यांनी लांब केस कापले. (सोलापुरात 'लोड' म्हटलं की आधी वीज जाते, ते वेगळं.) हा अल्बम एकूणऐंशी मिनिटांचा. सीडीत मावावा म्हणून शेवटच्या 'द आउटलॉ टॉर्न'चं सुमारे एक मिनिट छाटलं, पूर्ण गाणं पुढे एका सिंगलवर, म्हणजे एक-दोन गाण्यांच्या छोट्या सीडीवर आलं. कॅसेटवर उतरवणाऱ्यांची पंचाईत निराळी. साठ मिनिटांची सी-60 कामाची नाही, नव्वदची सी-90 घ्यायची. पंचेचाळीस मिनिटांच्या एका बाजूत सात गाणी सहज बसतात आणि टोकाला कोरी फीत उरते. लोक तिथे दुसऱ्याच कुणाचं गाणं भरत. 'लोड'ची बदनामी त्या भरतीच्या गाण्यांनीही थोडी केली असेल.

आयर्न मेडन या ब्रिटिश बँडच्या 'द एक्स फॅक्टर'चं दुखणं गळ्याचं. 1993 मध्ये गायक ब्रूस डिकिन्सन बँड सोडून गेला, त्याच्या जागी ब्लेझ बेली आला. याचा आवाज जाड, खर्जाकडे झुकणारा. जुनी गाणी मूळ पट्टीतच राहिली, त्यामुळे मंचावर वरचे स्वर घेताना त्याची दमछाक व्हायची. लोकांनी ते बघितलं आणि 1995 चा अल्बमही त्याच खात्यावर मांडला. पण अल्बममधली गाणी त्याच्या गळ्यासाठी केलेली आहेत. 'साइन ऑफ द क्रॉस' अकरा मिनिटांचं, सुरुवात मठातल्या पठणासारखी. हेच गाणं बँडमध्ये परतलेल्या डिकिन्सनने जानेवारी 2001 मध्ये ब्राझीलमधल्या रिओला गायलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन्ही एकामागून एक लावा. डिकिन्सन त्या गोष्टीचा सूत्रधार वाटतो, बेली त्या गोष्टीत अडकलेला माणूस. घाबरलेला माणूस सुरात जरा खालीच बोलतो. मात्र पुढच्या अल्बममधल्या 'द एंजल अँड द गॅम्बलर'ची केस मी घेत नाही. एकच ओळ किती वेळा म्हणायची यालाही मर्यादा असते.

ब्लॅक सबाथ या बँडचा 1983 चा 'बॉर्न अगेन' ऐकताना स्पीकरवर जाड सोलापुरी चादर टाकल्यासारखं वाटतं. बेस म्हणजे जाड आवाज कमी करा, ट्रेबल म्हणजे बारीक आवाज चढवा, चादरीखालून गायक इयन गिलनचा आवाज वर येतो. थोडाच, पण येतो.

आणि गंमत बघा, मेटालिकाच्याच 2008 च्या 'डेथ मॅग्नेटिक'ला लोकांनी डोक्यावर घेतलं. त्याचा आवाज शेवटच्या टप्प्यावर इतका ठोकून मोठा केला की आवाजाच्या लाटांचे माथे कापले गेले. कापलेला माथा घरी जोडता येत नाही, आवाज कमी केला तरी फुटकेपणा राहतो. 'गिटार हिरो' या खेळात तीच गाणी कमी ठोकलेली होती, म्हणून दर्दी मंडळी ती तिथून काढून ऐकायची. खरा दोष हा. डबा निदान डबा म्हणून पूर्ण वाजतो.

वरात चौकात थांबली. कुणीतरी म्हातारा बँडवाला पोराजवळ गेला, एका बोटाने खटका वर ढकलला. ड्रम पुन्हा खर्रऽऽ बोलायला लागला, सगळ्यांसारखा. पोराने दोन ठोके मारून पाहिले, मग म्हाताऱ्याची पाठ वळल्यावर खटका हळूच परत पाडला.